'करून टाक' म्हणण्याआधी



छातीत कळ आली की आमच्या लोणावळ्यात सल्ला ठरलेला : 'पुण्याला जा आणि अँजिओग्राफी करून टाक.' हे 'करून टाक' मला खटकतं.

दोन वर्षांपूर्वी भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढताना माझी छाती आवळल्यासारखी व्हायची. थांबलं की बरं वाटायचं. एका रुग्णालयात सांगितलं, मनगटातून नळी घालून बघू, ब्लॉकेज निघालं तर लगेच स्टेंटही टाकू. म्हणजे मी टेबलावर आडवा, आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायकोने पाच मिनिटांत सही करायची. मी आधी सीटी अँजिओग्राफी मागितली. नाडी मंद करायची गोळी, शिरेतून डाय, काही सेकंद श्वास रोखून धरायचा, झालं. एका धमनीत मध्यम अडथळा निघाला, आणि इतरत्र भिंतीत साचलेली चरबी. नळीच्या तपासणीत मुख्यतः रक्ताची वाट दिसते. भिंतीतला हा थर सीटीत दिसतो. औषधं त्या थरासाठीच सुरू झाली.

स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांचा अभ्यास झाला. नेहमीच्या तपासण्यांना सीटीची जोड मिळालेल्यांत पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका २.३ टक्के, बाकीच्यांत ३.९ टक्के. भारतातले रुग्णही असलेल्या 'इस्केमिया' अभ्यासात मुख्य डावी धमनी मोकळी आहे ना, हे बहुतेकांच्या सीटीवर आधी पाहिलं होतं. २०२० साली निष्कर्ष आला : दुखणं स्थिर असेल तर आधी औषधं द्या की स्टेंट-बायपास करा, मृत्यूंत फरक पडत नाही. छातीदुखी स्टेंटने अधिक कमी होते, हे मान्य. पण मग सहीची एवढी घाई कशाला?

अचानक कळ, दरदरून घाम, हाताकडे जाणारी वेदना असेल तर मात्र सीटीच्या नादी लागू नये. नळीची तपासणी होते ती कॅथलॅब थेट गाठावी. मूत्रपिंड अधू असेल तर डायचा विचार करावा लागतो. धमन्यांत कॅल्शियम फार असलं तर सीटी अडथळा फुगवूनही दाखवते. आणि काहीही त्रास नसताना 'हार्ट पॅकेज'मध्ये सीटी काढणाऱ्यांची बाजू मी घेत नाही.

सरकारने २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. आता स्टेंट लागतो का, हे ठरवायची सोयही जवळ हवी. मावळातल्या एका तरी सरकारी रुग्णालयात हृदयाची सीटी निघावी, आणि तातडी नसलेल्या रुग्णाला अहवाल घेऊन घरी जायची, दुसऱ्या डॉक्टरांना विचारायची मुभा संमतिपत्रातच छापलेली असावी.

– एक ज्येष्ठ वाचक, तुंगार्ली, लोणावळा