गुडघा आईचा, होकार मुलाचा

इथे रियाधमध्ये डॉक्टर इजिप्तचा, नर्स केरळची आणि पेशंट मराठी, म्हणून बोलणं अर्धवट राहतं, समजू शकतो. पण गावाकडे डॉक्टरही मराठीच ना? माझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे आणि पॅकेज मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. 'तुम्ही हो म्हणा, लगेच तारीख देतो.' तिला जिना चढायचाय, की रात्रीची नीट झोप एवढंच हवंय, हे तिला कुणी विचारलंच नाही. आम्ही साधं अ‍ॅप करतानाही आधी वापरणाऱ्याला विचारतो!

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय, की फायदे, धोके आणि दुसरे पर्याय समजावून मगच रुग्णाची संमती घ्या. एमबीबीएसला २०१९ पासून संवाद आणि नीतिमत्तेचा 'एटकॉम' हा भागही आला. पण त्याआधी शिकलेल्या डॉक्टरांचं काय? महाराष्ट्रात नोंदणी टिकवायला त्यांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतातच. त्यातले निदान पाच या विषयाला सक्तीचे करा. आणि तेही हॉटेलातल्या स्लाइड बघून नकोत, तर 'आजी, काय समजलं ते मला सांगा बरं' असं खऱ्या पेशंटला विचारायचा सराव करून.