मातेला बोल कशासाठी?

खेळते मूल चार-पाच वर्षांचे होताच अडखळू लागले, की प्रथम दैवाला आणि पाठोपाठ त्याच्या आईला बोल लावला जातो. वस्तुतः ‘डुशेन’ स्नायुविकाराचे मूळ १९८७ पर्यंत उलगडले आहे. एका जनुकातील दोषामुळे स्नायूंना आधार देणारे ‘डिस्ट्रोफिन’ हे प्रथिन तयारच होत नाही. सुमारे एकतृतीयांश मुलांत हा दोष नव्याने उद्भवतो. इतरांत तो मातेकडून येतो, पण तिच्या नकळत. रक्तपरीक्षेने तो ओळखता येतो, पुढील अपत्याविषयी वेळीच सल्लाही देता येतो.

२०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय दुर्मीळ रोगांचे केंद्र आहे. परंतु चंदगडच्या मातेला मुंबई दूर. नमुना देण्याची व सल्ल्याची सोय कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातच हवी. औषधे महाग आहेत हे खरे. निदानाच्या बाबतीत ती सबब शासनाने सांगू नये.