पदार्थविज्ञानाचीं उदाहरणें व उत्तराचा ताळा

परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या वर्गांत एकच प्रश्न पुनःपुन्हां ऐकूं येतो, "सर, ह्याला सूत्र कोणतें?" उदाहरण पुरतें वाचून होण्यापूर्वींच तो येतो. गति, उष्णता व बल ह्यांचीं उदाहरणें सूत्रापासून आरंभावयाचीं नसतात, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि मुलांना ही खोड लाविली ती आम्हां शिक्षकांनींच, हेंहि आम्हीं कबूल केलें पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं चांचणींत असें विचारिलें : बोरीबंदर ते दादर हें अंतर सुमारें 9 किलोमीटर, जलद लोकल तें 15 मिनिटांत कापते, तर तिचा वेग किती? तासास 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदास 10 मीटर, हें उत्तर बहुतेकांनीं बिनचूक काढिलें. परळच्या एका विद्यार्थ्यानें मात्र लिहिलें कीं, गाडी भायखळ्यास उभी राहते तेव्हां वेग शून्य असतो, पुढें तो वाढतो व दादर जवळ येतांच घटतो. तेव्हां विचारिला आहे तो वेग कोणत्या क्षणाचा? आम्हीं त्याचे गुण कापिले. वास्तविक प्रश्नांत 'सरासरी' हा शब्द घालावयास आम्हीच विसरलों होतों. ज्यानें गाडी डोळ्यांपुढें आणिली त्यास भोपळा, व ज्यांनीं केवळ भागाकार केला त्यांस पुरे गुण! त्या वर्षीं त्यानें आमच्या तासाला पुन्हां हात वर केला नाहीं.

उष्णतेचें पाहा. बालदींतील 25 अंशांच्या 12 लिटर पाण्यांत 3 लिटर उकळतें पाणी ओतिलें, तर तापमान किती? एकानें गमाविलेली उष्णता दुसऱ्यानें मिळविली, एवढें ध्यानांत धरिलें कीं 40 अंश येतात. परंतु चिन्हाची चूक करून शून्य अंश काढणारे, आणि त्याखालीं पट्टीनें दोन रेघा ओढणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. उकळतें पाणी ओतून बर्फ होण्याचा चमत्कार गिरगांवांतील कोणत्या मोरींत घडतो? घरीं तापमापक बुडवून पाहिल्यास 40 हून कांहींसें कमीच दिसेल. बालदीनें व हवेनें आपला वांटा घेतलेला असतो.

बलाविषयीं तर गैरसमज फार जुना आहे. लालबागेंत सपाट रस्त्यावर हमाल एकसारख्या वेगानें हातगाडी ढकलीत असेल व घर्षण 200 न्यूटन असेल, तर त्याचा रेटाहि 200 न्यूटनच असतो. निव्वळ बल शून्य. "मग गाडी चालते कशी?" असें मुली विचारतात. ॲरिस्टॉटलचीहि समजूत त्यांच्यासारखीच होती. ती गॅलिलिओनें ढिली केली व न्यूटनच्या 1687 च्या ग्रंथानें मोडली. एककांकडेहि दुर्लक्ष नको. 1999 सालीं मंगळाकडे गेलेलें अमेरिकेचें एक यान, एका बाजूनें पौंडांत व दुसऱ्या बाजूनें न्यूटनांत हिशेब झाल्यामुळें नष्ट झालें.

शिकवणीवर्गांत उदाहरणांचे 'प्रकार' पाठ करवितात, त्यानें वेळ वांचतो, हें खरें. पण प्रकार किंचित् बदलला कीं मूल अडतें. म्हणून आम्ही आतां आधीं आकृति, मग बाणांनीं बलें, मग उत्तराचा अंदाज, आणि त्यानंतरच सूत्र, असा क्रम ठेविला आहे. अंदाजाला एक गुण आहे. प्रश्नांतील उणीव दाखविणारासहि एक आहे. गेल्या चांचणींत तो दोघींना मिळाला.