धोका महामार्गावर नव्हे, न केलेल्या चाचणीत

पुणे-बेंगळुरू महामार्गावर, नीरा नदीच्या अलीकडे भोर तालुक्यातील सारोळे लागते. एचआयव्हीचा विषय निघाला की अशा गावांत बोट आधी रस्त्याकडे जाते. ट्रक, ढाबे, परगावचे चालक. सरकारनेही लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांसाठी स्वतंत्र प्रतिबंधक उपक्रम राबवले आणि ते गरजेचेच होते. मात्र या समजुतीत एक सोय दडलेली आहे. आजार ‘त्यांचा’ ठरला की आपल्या घरात चाचणीचा विषय काढावा लागत नाही.

ही समजूत किती अपुरी आहे, हे पुण्यातल्याच संशोधनाने दाखवले. १९९३ ते १९९६ या काळात शहरातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत लागणीचे प्रमाण ४९.९ टक्के निघाले. पण देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांतही ते १३.६ टक्के होते. त्यांतील बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता. म्हणजे त्यांना लागण घरातूनच झाली होती.

अर्थात, हे आकडे दवाखान्यात आलेल्यांचे होते, सगळ्या पुण्याचे नव्हेत. हा फरक महत्त्वाचा आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. त्यानंतर, २००७ मध्ये देशातील बाधितांचा अंदाज पन्नास लाखांवरून सुमारे पंचवीस लाखांवर आला. रोग रातोरात ओसरला नव्हता. मोजणी सुधारली होती. आज देशातील प्रौढांत हे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. आकडा लहान आहे म्हणून गाफील राहणे मात्र परवडणारे नाही.

कारण आता वेळेवर केलेल्या चाचणीचा फायदा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा आहे. एक जोडीदार बाधित असलेल्या १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला. त्यात भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती. औषधे लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये स्पष्ट झाले. ही एआरटी औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. गोळ्या नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही.

अडचण औषधाची नाही, दारापर्यंत जाण्याची आहे. गरोदर बाईची चाचणी होते. तिच्या नवऱ्याची होतेच असे नाही. लहान गावात केंद्राबाहेर कोणी पाहिले, तरी दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा. म्हणूनच २०१७ च्या कायद्याने चाचणीला संमती आणि माहितीला गोपनीयता बंधनकारक केली. नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करण्यालाही मनाई आहे. हा कायदा आरोग्य कर्मचाऱ्यांनी कसोशीने पाळला, तरच माणसे विश्वासाने येतील.

आरोग्य विभागाने गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीला नवऱ्यालाही आग्रहाने बोलवावे. आशाताईंनी घरी गेल्यावर दोघांशी बोलावे. शंका असलेल्याने १०९७ या मोफत क्रमांकावर विचारावे. सारोळ्यासमोरचा महामार्ग कोणाला थांबवता येणार नाही. पण नवरा-बायकोने एकत्र जाऊन चाचणी करून घेणे कोणालाही जमण्यासारखे आहे.