हात आधी जोडले जातात

परवा आत्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "काय गं, ऐकलं ते खरं का? रोज देवाजवळ दिवा लावतेस म्हणे." म्हटलं, हो, लावते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणालीच, "चला, बरं झालं. तुझ्या बाबांना आयुष्यभर नाही जमलं ते तुला जमलं. वय झालं, दोन ठेचा लागल्या की देव आठवतोच गं सगळ्यांना."

या वाक्याशी माझं भांडण आहे. आत्याशी नाही (आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. लोणचं पाठवायचं थांबवू नकोस). गंमत अशी की माझे पक्के नास्तिक मित्रही हेच म्हणतात, फक्त सूर वेगळा. ते म्हणतात, माणूस घाबरतो म्हणून देव मानतो. आत्या म्हणते, घाबरला की माणसाला खरं काय ते कळतं. दोघांच्याही मते देव भीतीच्या दारानं आत येतो. हे काही नवीन नाही म्हणा, डेव्हिड ह्यूमनं १७५७ सालीच धर्माचं मूळ माणसाच्या भीतीत आणि आशेत शोधलं होतं. पण माझं निम्म्याहून जास्त आयुष्य कोसबाडला गेलं, आणि इथे जे बघितलं त्यात हे काही बसत नाही.

भीतीचंच बोलायचं तर आमच्याकडे ती मोजून बघायची सोय झाली होती. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. एखादा मोठा धक्का बसून संपलं असं नाही, लहान लहान धक्क्यांची माळच. १ फेब्रुवारी २०१९ला दिवसभरात बरेच बसले, त्यातला मोठा ४.१ रिश्टरचा. त्या दिवशी घाबरून पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी गेली. त्यानंतर लोक घरात झोपेनात. सरकारनं तंबू दिले. थंडीत माणसं, म्हातारी, लेकरं सगळी बाहेर. आम्हीही आईला घेऊन अंगणात खाटा टाकल्या होत्या. जमिनीतून आधी आवाज यायचा, गडगडल्यासारखा, आणि मग भांडी वाजायची. आधी तो आवाज ऐकायचा आणि मग वाट बघायची. मला तरी त्या आवाजाचीच जास्त भीती वाटायची.

आता भीतीनं देव मिळत असता, तर त्या हिवाळ्यात इथे देवांचं पीक यायला हवं होतं. मी काय बघितलं? ज्यांचा हिमाय आणि हिरवा होता ते हिमाय-हिरव्याकडे गेले. ज्यांची महालक्ष्मी होती त्यांनी विवळवेढ्याच्या देवीला नवस बोलले. आमच्या आईनं रामरक्षा म्हटली. कुणी येशूची प्रार्थना केली, कुणी नमाज पढला. आणि ज्यांचं कुणीच नव्हतं, म्हणजे मी, ती आईचा हात धरून गप्प बसली. त्या सगळ्या रात्रींत एकाही माणसाला नवा देव मिळाल्याचं मला दिसलं नाही. घाबरलेला माणूस ओळखीचंच दार ठोठावतो. ते दार त्याला आधीपासून ठाऊक असावं लागतं.

दुसरा पुरावा थोडा जुना. १९४५ साली या भागातला वारली माणूस वेठबिगारीविरुद्ध उठला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) ज्यांनी वाचलं असेल त्यांना त्या आधीची दहशत माहीत असेल. जमीनदाराच्या नुसत्या बोलावण्यानं अंगाला कापरं भरायचं. ती भीती गेली. लाल बावट्यानं घालवली, आणि त्याची मुळं इथे किती खोल आहेत ते २०१९ आणि २०२४ या दोन्ही विधानसभांना डहाणूतून मार्क्सवादी पक्षाचा उमेदवार निवडून आला यावरून दिसतं. मग भीती गेल्यावर भीतीतून जन्मलेला देव जायला नको का? नाही गेला. हातात लाल झेंडा घेऊन मोर्चाला जाणारा माणूस लग्नात चौक काढून घेतो, नवं धान्य आधी देवाला दाखवतो, वाघबारशीला वाघदेवाकडे जातो. यात काही चुकतंय असं त्याला वाटत नाही. वाटतं ते आपल्याला, पुस्तकं वाचणाऱ्यांना.

वाघदेवाची तर गोष्टच वेगळी. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघ इथून कधीच गेले, आता आहेत ते बिबटे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून वाघोबाची १५० ठाणी नोंदलेली आहेत. वाघ नाही, पण वाघाचा देव आहे. मग तो कशाला धरून राहिला? भीतीला तर नक्कीच नाही. माझं उत्तर असं की तो हाताला धरून राहिला. दरवर्षी कुणीतरी तिथे जातं, शेंदूर लावतं, आणि सोबत एक पोर असतं. त्या पोराला कुणी वाघदेव समजावून सांगत नाही. ते नुसतं बघतं.

आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. "तुझा देवावर विश्वास आहे का?" हा प्रश्न माझ्या आजीला कुणी विचारला असता तर तिला तो कळला नसता. तिच्या तोंडी 'देव मानणं' होतं, आणि त्याहून जास्त 'देवाचं करणं'. "यंदा देवाचं करायचं राहिलं," असं ती म्हणायची, जसं पापड करायचे राहिले म्हणावं तसं. विश्वास ठेवायला आधी शंका यावी लागते. करायला फक्त सकाळ व्हावी लागते.

कोसबाडच्या टेकडीवर ही गोष्ट वेगळ्या कामासाठी फार पूर्वी ओळखली गेली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ साली इथे आलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात न्यायची, ही अंगणवाडी. मुलं गुरांमागे जातात तर शाळा कुरणात न्यायची, ही कुरणशाळा. आणि पहिला धडा अक्षराचा नव्हे. आधी हातपाय धुणं, अंघोळ, केस विंचरणं. स्वच्छता का पाळावी हे तीन वर्षांच्या मुलाला पटवत बसलात तर ते कधीच अंघोळ करणार नाही. आधी सवय लागते, समज मागाहून येते, आणि आली की ती मुळापासून तिथेच होती असं वाटतं. देवाचंही असंच होतं असं मला वाटतं. ज्यांनी बालवाडी बघितली आहे त्यांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही.

मानसशास्त्रवाले याला थोडी पुस्ती जोडतात. डेबोरा केलेमन नावाच्या बाईंनी लहान मुलांना विचारलं, दगड टोकदार का असतात? मुलांना पटणारं उत्तर होतं, प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून. म्हणजे प्रत्येक गोष्ट कुणीतरी कशासाठी तरी केलेली आहे, असं मुलाला आपोआप वाटतं. २००४ सालच्या लेखात त्यांनी प्रश्नच टाकला की मुलं उपजत आस्तिक असतात का. मला वाटतं उपजत फक्त जागा असते, रिकामी खोली. दारावरची पाटी घर लावतं.

आता आत्या म्हणेल, आणि प्रचितीचं काय? ज्यांना देव दिसला, भेटला, ज्यांच्या अंगात आला? मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण एवढंच विचारते, की सदाशिव पेठेतल्या माणसाच्या स्वप्नात हिमाय का येत नाही? आणि पाड्यावरच्या भगताच्या अंगात गजानन महाराज का येत नाहीत? प्रचितीसुद्धा ओळखीच्याच चेहऱ्यानं येते. ओळख आधी झालेली असते, बहुतेक मांडीवर असताना.

नास्तिक मित्र लगेच म्हणतील, बघा, म्हणजे नुसते संस्कार, नुसती सवय, विचार नाहीच. थांबा जरा. विचारानं या प्रवासात भाग घेतला तर तो बहुतेक बाहेर पडताना घेतो. सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपूरला. मध्ये एकवीस वर्षं. आणि बावीस प्रतिज्ञांची सुरुवात कशानं होते? अमुक देवांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, यानं. मानणं आणि उपासना, दोन्ही शब्द शेजारी शेजारी. नुसतं डोक्यातून काढून भागत नाही, हातातूनही काढावं लागतं, हे त्यांना नेमकं माहीत होतं. येताना कुणी विचार करून येत नाही, पण जाताना करावा लागतो. म्हणून सोडणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण ज्यानं कधी सोडायचा प्रश्नच मनात आणला नाही त्याला भित्रा किंवा अडाणी म्हणायचा अधिकार त्यातून मिळत नाही. आणि ज्यानं धरलेलं कधी तपासलंच नाही, त्यानं "मला पटलं म्हणून मी मानतो" असं म्हणू नये. पटायची वेळच आली नव्हती.

असो. आता आईचं.

शेवटची दोन वर्षं आईची आठवण गेली होती. मला ती "बाई" म्हणायची. भावाला ओळखायची नाही. बाबांचं नाव विचारलं तर हसायची. रामरक्षेच्या दोन ओळी म्हणायची आणि तिसरीला अडायची. मग तेही गेलं. पण संध्याकाळी दिवा लावला की हात जोडले जायचे. देव कोण, कशासाठी, काही माहीत नाही. डोळे रिकामे, हात मात्र अगदी बरोबर, छातीशी. भीती नव्हती, कारण कशाला भ्यायचं हेही विसरली होती. विश्वास नव्हता, कारण ठेवणार कुठे? सगळं गेल्यावर जे उरलं ते सगळ्यात आधी आलेलं होतं.

ती गेल्यावर देव्हारा माझ्याकडे राहिला. पहिले काही दिवस मी दिवा लावला नाही. मग सातच्या सुमारास हातांना चुकल्यासारखं व्हायला लागलं आणि लावायला लागले. आत्या, एवढंच झालंय. मला देव पटलेला नाही. पण मी 'देवाचं करते', हे मात्र खरं, आणि ते नाकारणं खोटेपणा होईल.

इथपर्यंत मी अगदी खुशीत होते. सिद्धान्त तयार, दोन्ही बाजूंना चार शब्द सुनावून झालेले. मग गेल्या महिन्यात भाची आली, तिची दीड वर्षांची लेक घेऊन. संध्याकाळी मी दिवा लावत होते. पोरगी दुडुदुडू आली, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही तळवे एकमेकांवर चिकटवले. नीट जुळले नाहीत, करंगळ्या बाहेर राहिल्या. सगळे म्हणाले, अगंबाई, बाप्पा केला! टाळ्या पडल्या. पोरीनं खूश होऊन पुन्हा केला.

माझं म्हणणं खरं असेल तर ती पोर त्या संध्याकाळी देवाकडे निघाली. आणि तिला बोटाला धरून नेणारी कोण, तर मी, जिला देव पटलेला नाही. रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

दिवा लावायचं मी थांबवलेलं नाही. पण एक ठरवलंय. सहा-सात वर्षांची झाली की ती विचारेल, "आजी, खरंच असतो का गं बाप्पा?" सगळीच मुलं एकदा विचारतात. मीही विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, विचार कर आणि ठरव. आई म्हणाली होती, असं विचारू नये. तिला मी आईचं उत्तर देणार नाही. हात मी जोडायला लावले, तेव्हा तो प्रश्न ऐकून घ्यायची जबाबदारीही माझीच.