फोटोंना नावं ठेवा!

फेब्रुवारी २०००. ग्रॅमी सोहळ्याला जेनिफर लोपेझ हिरवागार व्हर्साची ड्रेस घालून आली आणि तो बघायला गुगलवर झुंबड उडाली. गंमत म्हणजे तेव्हा गुगल नुसत्या मजकुराच्या लिंक दाखवायचं. जुलै २००१ मध्ये गुगलचं इमेज सर्च आलं. त्याचं मूळ या ड्रेसमध्ये होतं, असं खुद्द एरिक श्मिट यांनी २०१५ मध्ये लिहिलं.

आता ग्रॅमीवरून थेट हिंगोली जिल्ह्यात! समजा, तुमचा वसमतचा दोस्त घरची हळद ऑनलाइन विकायला निघालाय. मालाला तोड नाही. वसमत हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. साइट चकाचक, फोटो झक्कास. आणि फोटोच्या फाइलचं नाव? ‘डीएससी ००४५७’! चित्रात पिवळी पावडर आहे हे आजकाल मशीनलाही कळतं. पण ती वसमतची, हे कोण सांगणार?

तुम्हीच. फाइलला ‘वसमत-हळद-पावडर’ असं सरळ नाव द्या. ‘ऑल्ट टेक्स्ट’च्या रकान्यात चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा. दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर हेच वाक्य वाचून दाखवतो, म्हणजे पुण्यही पदरात! मात्र तिथे ‘हळद हळद स्वस्त हळद’ असा जप नको. गुगल असल्या भरताडाला स्पॅम समजतं.

पुढची भानगड स्पेलिंगची. वसमत म्हणा की बसमत. इंग्रजीत कुणी व्ही लावतं, कुणी डब्ल्यू, कुणी बी. ही रूपं मजकुरात एकेकदा सहज येऊ द्या. औंढा नागनाथच्या मंदिराचे फोटो टाकताना तर ‘जिल्हा हिंगोली’ हवंच. नाहीतर पुण्यातल्या औंधशी गल्लत ठरलेली!

आता डायनॅमिक साइट. म्हणजे पान आधीपासून तयार नसतं. तुम्ही क्लिक केलं की डेटाबेसमधून गरमागरम वाढलं जातं. पत्त्यात प्रश्नचिन्हं नि आकडे दिसले की लोक घाबरतात. घाबरू नका. असे पत्ते आम्हाला वाचता येतात, हे गुगलने २००८ मध्येच सांगितलंय. खरी गोची वेगळीच. एकच हळद किमतीप्रमाणे, वजनाप्रमाणे लावली की तिचे चार पत्ते तयार होतात. मग त्यातला खरा कोणता? त्यासाठी ‘कॅनॉनिकल’ टॅग आहे, २००९ पासून. वेबसाइटवाल्याला तो लावायला सांगा. आणि फोटो ‘आणखी पाहा’ बटणामागे दडवू नका. गुगलचा रोबो बटणं दाबत बसत नाही.

शेवटचा फंडा खास मराठी. आपल्याला सगळा मजकूर पोस्टरमध्येच कोंबायची भारी हौस. भाव, पत्ता, फोन, सगळं चित्रात! तोच मजकूर खाली युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधलं मराठी डोळ्यांना मराठी दिसतं, पण सर्चला तो निव्वळ इंग्रजी अक्षरांचा खिचडा वाटतो.

गावाकडच्या चांगल्या गोष्टी नेटवर सापडत नाहीत, अशी आपली नेहमीची तक्रार. बॉस, नाव-गाव सांगितल्याशिवाय कुणाला पत्ता लागणार? एरवी आपण सगळ्यांना नावं ठेवतोच. या रविवारी जरा फोटोंना ठेवा!