पोरीचं बी.ए. म्हणजे स्थळाची वाट पाहणं नव्हे!

मैत्रिणींनो, आपल्या धाराशिव जिल्ह्यात ‘बी.ए.’ या दोन अक्षरांचे दोन अर्थ आहेत.

पहिला घरोघरी ठाऊक आहे. पोराला इंजिनिअरिंग, पोरीला ‘आर्ट्स’. खर्च कमी, घरचं-रानातलं उरकून कॉलेज होतं आणि स्थळ जमलं की मधूनच थांबवताही येतं.

दुसरा अर्थ तुळजापुरात सापडतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ग्रामीण शाखा तिथे १९८६ पासून आहे. २०१२ मध्ये तिथे सामाजिक शास्त्रांचं बी.ए. सुरू झालं आणि त्यासाठी देशभरातून मुलंमुली प्रवेश परीक्षा देऊन आली. पदवी तीच, मग तिथे ती मानाची आणि आपल्या पोरीसाठी मात्र वेळ काढण्याची सोय, असं का?

मी एम.एस.डब्ल्यू. करून कळंब-वाशी भागात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांबरोबर काम करते. अभ्यासक येतात. उचल किती घेतली, लग्न कितव्या वर्षी झालं, हे विचारतात. बाया चहा ठेवतात, उत्तरं देतात. आपण कायम उत्तरं देणाऱ्याच! काय विचारायचं हे ठरवणाऱ्या कधी होणार? समाजशास्त्र, अर्थशास्त्र शिकायचं ते त्यासाठीच.

‘आर्ट्सनं पोट भरतं का?’ हा प्रश्न ठरलेला. शासनानेही २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलींना पूर्ण फी माफी दिली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना. ती हवीच होती. पण समाज समजून घेणं हे काय कमी दर्जाचं शिक्षण आहे?

नुसता प्रवेश मिळूनही भागत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये याच संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटीच्या विद्यार्थ्यांनी संप केला. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या दलित-आदिवासी मुलांची फी, वसतिगृह आणि मेसची सवलत काढून घेतली, म्हणून. गुणवत्ता असली तरी मेसचं बिल भरावंच लागतं!

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजांत अकरावीपासून अशा प्रवेश परीक्षांची मराठीतून तयारी. पहिल्या वर्षी इंग्रजीची जादा शिकवणी. राहण्याजेवणाची सोय पहिल्या दिवसापासून, वर्षाअखेरच्या शिष्यवृत्तीच्या भरवशावर नव्हे.

आणि घरातली मागणी आपणच करायची. बारावीच्या निकालाची वाट न पाहता गावातल्या एका तरी पोरीच्या आईबापांशी जाऊन बोला. स्थळ थांबेल, पदवी मधे तोडू नका, हे त्यांना तोंडावर सांगा.